धोतरे विणणाऱ्या गावाचा फुटबॉल संघ

इंग्लंडमधील एका फुटबॉल संघाची कथा आपल्या महाविद्यालयाच्या वार्षिक अंकात कशासाठी, असा प्रश्न काही वाचकांना पडेल. माझा विषय अर्थशास्त्र. भागभांडवल, मालकी, नफा, तोटा हे शब्द मी वर्षानुवर्षे फळ्यावर लिहीत आलो आणि विद्यार्थी ते निमूटपणे वहीत उतरवून घेत आले. मात्र परदेशी संघांच्या खरेदी-विक्रीची बातमी आली की तेच विद्यार्थी वर्गाबाहेर गाठून विचारतात, "सर, क्लब विकत घेतला म्हणजे नेमके काय विकत घेतले?" हा प्रश्न वरवर साधा आहे, पण त्याचे उत्तर एका वाक्यात देता येत नाही. ते देण्यासाठी मी जो संघ निवडला आहे त्याचे गाव एके काळी आपल्यासाठी धोतरे विणीत होते, आणि त्या संघाची मालकी २०१० साली पुण्यातील एका उद्योगसमूहाकडे आली. संघाचे नाव ब्लॅकबर्न रोव्हर्स.

ब्लॅकबर्न हे इंग्लंडच्या वायव्येकडील लँकेशायर परगण्यातील गाव. आजही त्याची लोकसंख्या सव्वा लाखाच्या घरात, म्हणजे आपल्या बेळगावपेक्षा कितीतरी कमी. एकोणिसाव्या शतकात या गावात मागांचा खडखडाट अहोरात्र चाले. मँचेस्टर ही कापसाची बाजारपेठ, तर ब्लॅकबर्न हे विणकरांचे गाव; आणि तेथील मागांवर विणल्या जाणाऱ्या मालात फार मोठा वाटा होता हिंदुस्थानात जाणाऱ्या कापडाचा आणि धोतरांचा. आपल्यापैकी एखाद्याच्या पणजोबांनी नेसलेले गिरणीचे धोतर ब्लॅकबर्नच्या मागावरून उतरलेले असणे अगदी शक्य आहे. गिरणीच्या भोंग्यावर चालणाऱ्या या गावाला शनिवारी दुपारनंतर सुटी मिळू लागली, आणि त्या अर्ध्या दिवसाच्या सुटीतच फुटबॉलने या गावात मूळ धरले.

ब्लॅकबर्न रोव्हर्सची स्थापना १८७५ सालच्या नोव्हेंबर महिन्यात झाली. पुढाकार घेणारे जॉन लुईस आणि आर्थर कॉन्स्टंटाइन हे दोघे तरुण श्रुझबरी या उच्चभ्रू शाळेत शिकलेले होते. त्या काळी फुटबॉल हा अशाच शाळांतून शिकलेल्या सद्गृहस्थांचा खेळ होता. खेळासाठी पैसे घेणे त्यांच्या लेखी कमीपणाचे होते. पण येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. ज्याच्या घरी बापजाद्यांची इस्टेट आहे, त्याला सामन्यासाठी दोन दिवस लंडनला जाणे परवडते. विणकराने पाळी चुकवली की त्या दिवसाची मजुरी बुडते आणि घरची चूल थंडावते. तेव्हा खेळ 'हौशी'च राहिला पाहिजे या तत्त्वाचा व्यवहारातील अर्थ असा होता, की खेळ श्रीमंतांचाच राहिला पाहिजे. हौससुद्धा ऐपतीची बाब असते!

लँकेशायरच्या गावांनी यावर आपल्या पद्धतीने तोडगा काढला. स्कॉटलंडमधून कसबी खेळाडू येऊ लागले. त्यांना गावात नोकरी लावून द्यायची आणि वरचे पैसे गुपचूप हातावर ठेवायचे, अशी रीत पडली. फर्गस सटर हा पाथरवट असाच आधी शेजारच्या डार्वेन गावात आला आणि १८८० मध्ये रोव्हर्सकडे गेला. त्यावरून दोन्ही गावांत बरीच तेढ माजली. फुटबॉलच्या आरंभीच्या व्यावसायिक खेळाडूंत त्याचे नाव आज आदराने घेतले जाते.

१८८२ साली रोव्हर्स एफ. ए. चषकाच्या अंतिम सामन्यात पोहोचला, पण इटन शाळेच्या माजी विद्यार्थ्यांच्या ओल्ड इटोनियन्स संघाकडून एका गोलने हरला. पुढच्याच वर्षी त्याच संघाला २-१ असे हरवून चषक उत्तरेकडे आणला तो ब्लॅकबर्नच्याच दुसऱ्या एका संघाने. त्याचे नाव ब्लॅकबर्न ऑलिम्पिक. त्यात विणकर होते, ओतशाळेत काम करणारे होते, नळकाम करणाराही होता. सामन्याआधी काही दिवस या मंडळींनी ब्लॅकपूलच्या समुद्रकिनारी राहून सराव केला, आणि त्याचा खर्च गावातील एका ओतशाळेच्या मालकाने उचलला. कामगारांचा संघ इंग्लंडमधील सर्वांत मानाचा चषक जिंकतो, ही घटना फुटबॉलच्या इतिहासातील एका युगाचा शेवट मानली जाते. ऑलिम्पिकचे दैव मात्र अल्पायुषी ठरले. त्याच गावात अधिक पैसा आणि अधिक प्रेक्षक असलेला रोव्हर्स होता. त्याच्यापुढे टिकाव न लागून ऑलिम्पिक १८८९ मध्ये बंद पडला. पराक्रम आणि पैसा यांची सांगड घालता आली नाही तर काय होते, याचा पहिला धडा या गावाने तेव्हाच पाहिला.

रोव्हर्सने १८८४, १८८५ आणि १८८६ अशी सलग तीन वर्षे चषक जिंकला, आणि त्याबद्दल त्याला चांदीची खास ढाल देण्यात आली. लंडनला सामना पाहायला आलेल्या लँकेशायरच्या गिरणी कामगारांचे कपडे आणि बोली पाहून राजधानीतील एका वृत्तपत्राने त्यांची रानटी टोळीत गणना केली. पण काळ त्या टोळीच्याच बाजूने होता. प्रेस्टन नॉर्थ एंड या शेजारच्या क्लबने खेळाडूंना पैसे देत असल्याचे १८८४ साली उघड कबूल केले, मोठे वादळ उठले, आणि अखेर १८८५ च्या जुलैमध्ये व्यावसायिक फुटबॉलला अधिकृत मान्यता मिळाली.

आता अर्थशास्त्राचा नियम आपोआप पुढे आला. खेळाडूला दर आठवड्याला पगार द्यायचा, तर दर आठवड्याला तिकिटे खपली पाहिजेत. आणि तिकिटे खपायची, तर ठरल्या दिवशी ठरलेला सामना हमखास झाला पाहिजे. चषकाच्या स्पर्धेत पहिल्याच फेरीत हरलेल्या संघाने वर्षभर करायचे काय? या गरजेतून १८८८ साली बारा क्लबांची फुटबॉल लीग जन्माला आली. बारापैकी सहा क्लब एकट्या लँकेशायरचे होते, आणि त्यांत ब्लॅकबर्न रोव्हर्स एक. १८९० साली क्लब इवूड पार्क या मैदानावर राहायला गेला आणि तो आजतागायत तेथेच आहे. 'कौशल्याने आणि श्रमाने' या अर्थाचे लॅटिन बोधवाक्य गावाचेही आहे आणि क्लबचेही. लीगचे विजेतेपद मात्र यायला वेळ लागला. गिरणीमालक लॉरेन्स कॉटन अध्यक्ष असताना, आणि बॉब क्रॉम्प्टन हा गावचाच मुलगा कर्णधार असताना, रोव्हर्स १९१२ आणि १९१४ साली लीगविजेता झाला. अध्यक्षांचे आडनाव कापूस आणि धंदाही कापसाचाच!

१९१४ हे साल दोन्ही अर्थांनी शिखराचे होते. पहिल्या महायुद्धानंतर लँकेशायरच्या कापडाची हिंदुस्थानातील बाजारपेठ झपाट्याने आटली. मुंबई-अहमदाबादच्या गिरण्या, जपानी माल, आयातीवरील जकात आणि स्वदेशीची चळवळ अशी त्याची कारणे अनेक होती. १९३१ च्या सप्टेंबरमध्ये गोलमेज परिषदेसाठी विलायतेला गेलेले महात्मा गांधी मुद्दाम लँकेशायरमध्ये गेले आणि डार्वेनला उतरले. इवूड पार्कच्या कडेने जी नदी वाहते, तिचेच नाव डार्वेन. ज्यांच्या हातचे काम बहिष्कारामुळे गेले, त्याच गिरणी कामगार स्त्रियांनी गांधीजींभोवती गर्दी करून त्यांचा जयजयकार केला. ते छायाचित्र पुष्कळांनी पाहिले असेल. त्यामागे ब्लॅकबर्नच्या परिसराचे दुःख आहे, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही.

गिरण्या बंद पडल्या म्हणून संघ हरू लागला, असे सोपे समीकरण मी मांडणार नाही. मंदीच्या ऐन काळात, १९२८ साली, रोव्हर्सने सहाव्यांदा एफ. ए. चषक जिंकला होता. पण १९३६ मध्ये तो इतिहासात प्रथमच पहिल्या श्रेणीतून खाली घसरला. हे 'घसरणे' समजून घेतले पाहिजे. आपल्या आयपीएलमध्ये शेवटच्या क्रमांकावर राहिलेला संघ पुढच्या वर्षी पुन्हा त्याच मांडवात बसतो. इंग्लंडमध्ये तसे नाही. तळाचे संघ खालच्या श्रेणीत जातात, त्यांच्या जागी खालचे विजेते वर येतात. खाली गेले की मोठे प्रतिस्पर्धी येत नाहीत, उत्पन्न घटते, चांगले खेळाडू सोडून जातात, आणि त्यामुळे वर येणे आणखी अवघड होते.

दुसरा आघात १९६१ साली बसला. तोवर इंग्लंडमध्ये खेळाडूच्या पगारावर कमाल मर्यादा होती. अखेरीस ती आठवड्याला २० पौंड होती. खेळाडूंच्या दृष्टीने ही मर्यादा अन्यायाचीच होती, आणि ती उठली हे योग्यच झाले. पण तिच्या आडोशाला लहान गावांचे क्लब सुरक्षित होते. लंडनला गेले तरी पगार तेवढाच, मग गाव का सोडा? १९६० साली शेजारचा बर्न्ली लीगविजेता होता आणि ब्लॅकबर्न चषकाच्या अंतिम सामन्यात होता. मर्यादा उठली आणि मोठ्या शहरांचे मोठे क्लब बोली लावू लागले. रोव्हर्स १९६६ मध्ये पुन्हा खाली आला आणि १९७१ मध्ये तिसऱ्या श्रेणीत गेला. शताब्दीच्या वर्षी, १९७५ साली, तो तिसऱ्या श्रेणीचा विजेता होता. शंभर वर्षांच्या म्हाताऱ्याने पुन्हा बाराखडी गिरवावी, तसाच हा प्रकार!

या उतारावर अचानक एक माणूस आडवा आला. जॅक वॉकर हा १९२९ साली ब्लॅकबर्नमध्येच जन्मलेला. वडिलांचा पत्र्याचा लहानसा धंदा त्याने आणि त्याच्या भावाने पोलादाच्या प्रचंड व्यापारात वाढवला आणि तो ब्रिटिश स्टील कंपनीला सुमारे ३३ कोटी पौंडांना विकला. लहानपणापासून ज्या संघावर प्रेम केले, तो संघ त्याने १९९१ मध्ये ताब्यात घेतला. केनी डॅल्ग्लिशसारखा नामांकित व्यवस्थापक आणला. १९९२ च्या उन्हाळ्यात रोव्हर्स वर चढला, आणि नेमकी त्याच वेळी प्रीमियर लीग सुरू झाली. अ‍ॅलन शिअररला त्याने ब्रिटनमधील तेव्हाची विक्रमी रक्कम देऊन आणले, १९९४ मध्ये ख्रिस सटनला ५० लाख पौंडांना घेऊन तोही विक्रम मोडला, आणि इवूड पार्कचे जुने सज्जे पाडून नवे उभे केले.

१४ मे १९९५ हा हंगामाचा शेवटचा दिवस. रोव्हर्स लिव्हरपूलच्या मैदानावर २-१ असा हरला. पण त्याच वेळी लंडनमध्ये मँचेस्टर युनायटेडला वेस्ट हॅमविरुद्ध १-१ अशी बरोबरी पत्करावी लागली. ८९ विरुद्ध ८८, अशा एका गुणाने रोव्हर्स विजेता ठरला. १९१४ नंतर, ८१ वर्षांनी! शिअररने त्या हंगामात लीगमध्ये ३४ गोल केले होते.

'विकत घेतलेले विजेतेपद' अशी टीका तेव्हा झाली आणि ती अगदीच निराधार नव्हती. पण विकत घेणारा गावचा होता, एवढा फरक गावाने केला. आमच्या शास्त्राच्या दृष्टीने मला मात्र दुसरीच गोष्ट महत्त्वाची वाटते. वॉकरचे प्रेम कितीही खरे असले तरी क्लबचे उत्पन्न त्याच्या खर्चाला पुरत नव्हते. मधली दरी एका माणसाची थैली भरून काढीत होती. १९९६ मध्ये शिअरर दीड कोटी पौंडांच्या तेव्हाच्या जागतिक विक्रमी किमतीला न्यूकॅसलला गेला, आणि १९९९ मध्ये, म्हणजे विजेतेपदानंतर चारच वर्षांनी, संघ खालच्या श्रेणीत होता. ऑगस्ट २००० मध्ये वॉकर वारला. पुढच्या वर्षी संघ पुन्हा वर आला आणि २००२ मध्ये त्याने टॉटनहॅमला हरवून लीग चषक जिंकला. पण ते पाहायला तो नव्हता. त्याच्यामागे त्याच्या कुटुंबाच्या विश्वस्तनिधीने काही वर्षे क्लब सांभाळला आणि नंतर गिऱ्हाईक शोधले.

नोव्हेंबर २०१० मध्ये क्लब वेंकीज या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, पुण्याच्या व्यंकटेश्वरा हॅचरीज समूहाने सुमारे २ कोटी ३० लाख पौंडांना घेतला. शिवाय क्लबच्या डोक्यावरील कर्जही पत्करले. डॉ. बी. व्ही. राव यांनी १९७१ साली सुरू केलेला हा कुक्कुटपालनाचा उद्योग आपल्याकडे घरोघरी ठाऊक आहे. इंग्लंडच्या सर्वोच्च श्रेणीतील क्लब प्रथमच भारतीय मालकीचा झाला, म्हणून आपल्याकडच्या वृत्तपत्रांनी कौतुक केले. २०११ मध्ये संघ पुण्याला येऊन बालेवाडीच्या मैदानावर एक मैत्रीपूर्ण सामनाही खेळून गेला.

परंतु मैदानावर घडी विस्कटली. खरेदीनंतर महिन्याभरातच सॅम अ‍ॅलर्डाइस या अनुभवी व्यवस्थापकाला काढण्यात आले. तेव्हा संघ तेराव्या क्रमांकावर होता. त्यांच्या जागी स्टीव्ह कीन आले आणि प्रेक्षकांचा रोष वाढत गेला. ७ मे २०१२ रोजी विगनविरुद्ध घरच्या मैदानावर एका गोलने हार झाली आणि प्रीमियर लीगमधील स्थान गेले. त्या सामन्यात कोणा प्रेक्षकाने क्लबच्या रंगांत सजवलेली जिवंत कोंबडी मैदानात सोडली. जगभर लोक हसले, पण त्यात गावाचा संताप किती होता, हे हसणाऱ्यांच्या लक्षात आले नाही. पुढच्या हंगामात व्यवस्थापकांची रांगच लागली. हेनिंग बर्ग यांना तर अवघे ५७ दिवस मिळाले. २०१७ मध्ये शेवटचा सामना जिंकूनही, समान गुण असताना केवळ गोलफरकाने, रोव्हर्स तिसऱ्या श्रेणीत गेला. प्रीमियर लीग जिंकलेला संघ इतका खाली जाण्याची ती पहिली वेळ होती.

न्याय दोन्ही बाजूंना दिला पाहिजे. मालकांनी क्लब वाऱ्यावर सोडून दिला नाही. इंग्लंडच्या दुसऱ्या श्रेणीत अनेक क्लबांचा नुसता पगाराचा खर्च एकूण उत्पन्नापेक्षा अधिक होत आला आहे, कारण वर चढल्यावर दूरचित्रवाणीच्या हक्कांचे जे घबाड मिळते, त्याच्या आशेवर सगळेच उधळपट्टी करतात. ही तूट वर्षानुवर्षे पुण्याहून भरली गेली. टोनी मोब्रे यांच्या हाताखाली संघ २०१८ मध्ये दुसऱ्या श्रेणीत परत आला. २०२३ मध्ये तर वरच्या श्रेणीच्या बढती-सामन्यांतील जागा केवळ गोलफरकाने हुकली. मात्र त्याच सुमारास नवे संकट उभे राहिले. भारतातील एका तपासामुळे परदेशी पैसा पाठवण्यासाठी कंपनीला दिल्ली उच्च न्यायालयाची परवानगी मागावी लागली. पैसा बुडाला नव्हता, आटलाही नव्हता. तो केवळ वाटेत अडला होता. लँकेशायरच्या संघाने पुढच्या हंगामात किती खर्च करावा याचा धागा दिल्लीच्या न्यायालयात जाऊन पोहोचावा, हे शंभर वर्षांपूर्वी कोणाला खरे वाटले असते? २०२४ च्या फेब्रुवारीत अ‍ॅडम व्हॉर्टन हा गावचाच, क्लबच्याच तालमीत तयार झालेला गुणी मुलगा लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला विकला गेला.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. क्लब विकत घेणारा समभाग विकत घेतो, मैदान घेतो, खेळाडूंचे करार घेतो आणि कर्जही घेतो. पण ज्यामुळे या साऱ्याला किंमत आहे, ती गोष्ट खरेदीखतात कोठेच लिहिलेली नसते. पावसात भिजत इवूडला जाणारा माणूस संघ हरला म्हणून दुसऱ्या दुकानात जात नाही. आमच्या पुस्तकातला ग्राहक मालाचा दर्जा घसरला की पाठ फिरवतो. हा ग्राहक तसा नाही. मालकाला वाटते ही निष्ठा आपल्या मालमत्तेचा भाग आहे. वस्तुतः ती गावाची ठेव असते आणि मालक फक्त तिचा सांभाळ करणारा असतो.

रोव्हर्सने तीन प्रकारचा पैसा पाहिला: गिरणीगावाच्या तिकिटांचा, गावच्या धनिकाचा आणि दूरच्या कंपनीचा. पहिला गावाबरोबर वाढला आणि गावाबरोबरच खंगला. दुसऱ्याने स्वर्ग दाखवला, पण तो एका आयुष्यापुरता होता. तिसऱ्यात नियत असो वा नसो, अंतर होते. तेव्हा दोष केवळ पुण्याचा नाही आणि पुण्य केवळ वॉकरचे नाही. एका थैलीवर विसंबणे हेच मूळ दुखणे आहे. जर्मनीत म्हणूनच सामान्यतः क्लबच्या सभासदांकडे निम्म्याहून अधिक मते राहतील असा नियम आहे. आणि इंग्लंडमध्येही २०२५ साली कायदा होऊन फुटबॉलसाठी स्वतंत्र नियामक नेमला गेला.

ज्या गावातून धोतरे हिंदुस्थानला जात, त्याच गावात पुढे १९६० च्या सुमारास गुजरातेतून आणि पाकिस्तानातून माणसे आली आणि उरल्यासुरल्या गिरण्यांत रात्रपाळीला उभी राहिली. त्यांची नातवंडे आज ब्लॅकबर्नची आहेत. मे २०२२ मध्ये ईदची सामुदायिक नमाज इवूड पार्कच्या हिरवळीवर झाली. संघाची मालकी बदलली, मागांचा खडखडाट थांबला, गावातील माणसेही बदलली. पण गाव म्हणून एकत्र यायचे तर कोठे, याचे उत्तर तेथे अजून तेच आहे. ताळेबंदात या गोष्टीसाठी रकाना नाही. विद्यार्थ्यांना मी ताळेबंद शिकवत राहीनच. पण त्याच्या रकान्यांत न मावणारेही काही असते, हे सांगायला मला ब्लॅकबर्नइतके चांगले उदाहरण दुसरे सापडलेले नाही.